सव्वीस डावे हात

आमची शाळा दुमजली होती. वर आम्ही, म्हणजे नुसत्या पुस्तकांवर शिकणारे, आणि तळमजल्यावर टेक्निकलची मुलं. वर्गात कुणाचं गणित चुकलं की सर फळ्यावर खडू आपटत म्हणायचे, "खाली पाठवू का?" एवढ्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा. खाली जाणं म्हणजे ढ ठरणं, हे आम्हाला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

खाली सहा लेथ आहेत असं आम्ही ऐकून होतो. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा, त्याला धारदार टूल लावायचं आणि हवा तो आकार काढायचा, ते यंत्र. माझी आत्या कारखान्यात लेथच चालवायची, त्यामुळे तो आवाज माझ्या कानातला. लहानपणी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले की तो रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. शाळेत मात्र चार वर्षांत पायाखालून तसा आवाज एकदाही आला नाही. दुपारी तिसऱ्या तासाला फरशीतून एक गुणगुण तेवढी यायची. एकसुरी, खालच्या पट्टीतली. बाकावर कोपर टेकलं की हाडात जाणवायची. माझी मैत्रीण म्हणायची, भिंतीत मधमाश्यांचं पोळं असेल. चाळीस मिनिटं झाली की ती गुणगुण कात्रीनं कापल्यासारखी थांबायची, आणि मग आमची घंटा व्हायची. घंटा नेहमी मागून.

मी दहावीत असताना आत्याच तिथे शिकवायला आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरी, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यात लागली तेव्हा त्या खात्यात बाईमाणूस दुसरं नव्हतं. पहिल्याच दिवशी फोरमननं विचारलं होतं, "वाट चुकलात का?" सहा महिन्यांनी तोच फोरमन अवघड जॉब तिच्याकडे पाठवायला लागला. लग्न तिनं केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा भेटला नाही." केसाच्या जाडीचा फरक तिला बोटाला कळायचा. आईनं पोळपाट पुसून ठेवला तरी ती त्यावरून तळहात फिरवून सांगायची, "वहिनी, डाव्या अंगाला खड्डा पडलाय हं."

कारखान्यानं नवी संगणकावरची यंत्रं आणली आणि एकवीस वर्षांनंतर तिचं खातं बंद केलं. बरोबरीचे लोक कपाळाला हात लावून बसले. आत्यानं शाळेत अर्ज टाकला. तिथल्या टेक्निकलच्या शिक्षकाची जागा आठ महिने रिकामी होती. आधीचे सर वारले होते. बावीस वर्षं ते एकटेच तो विभाग सांभाळत होते. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम, ड्रॉइंग, सगळ्याला तेच.

पहिल्या दिवशी ती कार्यशाळेकडे निघाली तेव्हा जिन्याखाली शिपाईमामा स्टुलावर बसले होते.

"बाई, थांबा थोड्या. तास चालू आहे," ते म्हणाले.

"कुणाचा? शिक्षक नाहीत ना?"

"शिक्षक नाहीत," मामा म्हणाले. "तास आहे."

आत्यानं दाराच्या काचेतून आत पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ती हे सांगताना दंडावरून हात फिरवायची, अंगावर थंडी वाजल्यासारखी.

आत सव्वीस मुलं होती, वीस मुलगे आणि सहा मुली. चार रांगांत हातभर अंतर ठेवून उभी. सहाही लेथ भिंतीकडेला जाड कापडाखाली झाकलेले. मुलांच्या पुढ्यात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यावर ती काम करत होती. उजव्या हातानं चावी फिरवली, सव्वीस जणांनी. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट केला. टूल बसवलं, वाकून एका डोळ्यानं पाहिलं, सारखं केलं. मग सगळ्यांनी ओठ मिटून घशातून तो सूर काढला. तीच आमची गुणगुण. डावा हात हवेतलं चाक गोल फिरवू लागला आणि सूर किंचित जड झाला, टूल लोखंडाला लागल्यासारखा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. समोर शिक्षकांची खुर्ची होती, तिच्यावर कुणी नव्हतं, आणि सगळे डोळे तिकडे होते.

आत्या दार उघडून आत गेली. सूर थांबला नाही. ती मधल्या वाटेनं पुढे गेली आणि खुर्चीशेजारी, पहिल्या लेथजवळ उभी राहिली. तेव्हा मात्र सव्वीस हात जिथल्या तिथे थांबले.

पुढच्या रांगेतली एक किरकोळ अंगाची मुलगी, जिला सगळे खारूताई म्हणायचे, ती नम्रपणे म्हणाली, "बाई, तिथे सर असतात."

"असायचे," आत्या म्हणाली.

मुलगी गोंधळली. तिला यातला फरक कळला नसावा. "हो बाई," ती म्हणाली. "पण तिथे नको."

आत्या एक पाऊल बाजूला झाली. का झाले, ते मला आजही सांगता येत नाही, असं ती म्हणते.

त्या दिवशी घरी आल्यावर ती चहा न घेता खोलीत गेली. बाबांनी विचारलं, "ताई, मुलं कशी आहेत?"

"फार शिस्तीची," ती म्हणाली. "मला भीती वाटली."

हळूहळू तिला एकेक गोष्ट कळत गेली. कार्यशाळेत वीज होती ती दिव्यापंख्यापुरती. लेथला लागते ती थ्री फेजची लाइन कधी आलीच नव्हती. यंत्रं आली, त्यांचे हार घालून फोटो निघाले, आणि वर कापड पडलं. पुस्तकातला लेथ या लेथपेक्षा वेगळ्या घडणीचा. भिंतीवरच्या तक्त्याचा रंग उडून त्यात नुसत्या रेघा राहिलेल्या. मग सरांनी हवेत शिकवायला सुरुवात केली. हात कुठे, पाय कुठे, किती मोजायचं, सगळं ठरवून दिलं. आवाजावरून काप बरोबर पडतोय की नाही हे ओळखता यावं, म्हणून यंत्राचा सूरही त्यांनी घशात बसवून घेतला. परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे, जेवायचे, मुलांच्या हवेतल्या हालचाली बघायचे, मान डोलवायचे आणि गुण द्यायचे. निकाल दर वर्षी शंभर टक्के.

सर गेल्यावर आठ महिने मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तासिका रिकामी, तर गप्प बसा, एवढंच. मुलं आपण होऊन तास करत होती.

दुसऱ्या आठवड्यात आत्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली. ती रांगांमधून फिरत होती. हालचाली सुबक होत्या, तिच्या कारखान्यातल्या जुन्या कारागिरांच्याही इतक्या नव्हत्या. तरी काहीतरी खुपत होतं. मग तिनं फक्त डावे हात पाहिले. सव्वीसच्या सव्वीस मुलांचं डाव्या अंगठ्याशेजारचं बोट तळव्यात दुमडलेलं होतं. तीन बोटांनी आणि अंगठ्यानं ती चाक धरत होती.

तिनं खारूताईला थांबवलं. "हे बोट का मिटतेस?"

मुलीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मी नाही मिटत, बाई."

"मग हे काय?"

मुलीनं ते बोट दुसऱ्या हातानं उघडलं. सोडल्यावर ते परत मिटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मुलानं आपला हात पाहिला, मग त्याच्या शेजारच्यानं. एवढ्या दिवसांत कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"सरांना ते बोट नव्हतं," शिपाईमामांनी नंतर सांगितलं. "आधी कारखान्यात होते, तिथे गेलं. पोरं सरांचे हात बघून शिकली. बघायला दुसरं होतं काय?"

आत्यानं एक उपाय केला. प्रत्येकाच्या डाव्या हातात, अंगठा आणि त्या बोटाच्या चिमटीत एकेक खडू दिला. "खडू पडता कामा नये. करा सुरुवात." मुलांनी सुरुवात केली. चावी, जॉब, टूल. खडू चिमटीत होते. मग मोजता मोजता यंत्र चालू करायचा आकडा आला, सव्वीस खडू एकाच क्षणी खाली पडले आणि फुटले. त्या वेळी तिनं पाहिलं की त्या आकड्याला मुलं डावा पाय मागे घेतात आणि मान उजवीकडे, खिडकीकडे फिरवतात. तीन मोजेपर्यंत. मग परत समोर.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" तिनं विचारलं.

"चालू केल्यावर असंच करतात," मागून एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

यंत्र चालू झाल्यावर पहिले तीन क्षण दुसरीकडे बघायचं! कारखान्यात अशी सवय असलेला माणूस हात गमावतो. आत्यानं हे एकवीस वर्षांत दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती तडक हेडसरांकडे गेली. "मला लाइन हवी आहे."

हेडसर सज्जन गृहस्थ, पण पाण्यात राहून कपडे कोरडे ठेवणारे. ते म्हणाले, "बाई, निकाल शंभर टक्के लागतोय. चाललेल्या गाड्याला खीळ कशाला?"

"गाडा चालत नाहीये, सर. पोरं चाकं फिरवल्याची नक्कल करतायत."

हेडसरांनी हेडक्लार्कला फाइल काढायला सांगितली. ती फाइल आत्यानं टेबलावर उघडली आणि उभ्याउभ्याच वाचली. वीज कंपनी लाइन द्यायला पहिल्या वर्षापासून तयार होती. दर वर्षी जूनमध्ये अर्ज जायचा आणि ऑगस्टमध्ये तोच शेरा घेऊन परत यायचा: कार्यशाळा वापरासाठी सुरक्षित असल्याचा शिक्षकाचा दाखला सोबत नाही. दाखल्याचा छापील कागद प्रत्येक अर्जाला जोडलेला होता. बावीस कागद. सहीची जागा बावीसही कागदांवर कोरी होती. त्या जागेवर पेनाचं टोक टेकवल्याचा एक ठिपका मात्र प्रत्येक कागदावर होता.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?" आत्यानं हेडसरांना विचारलं.

"विचारलं होतं. म्हणाले, अजून सुरक्षित नाही. दर वर्षी तेच. जाणकार माणूस, मी काय बोलणार?"

मग आत्या कामाला लागली. जमिनीत अर्थिंगची तार पुरून घेतली. प्रत्येक लेथला पायानं दाबला की यंत्र जागच्या जागी थांबेल असा ब्रेक होता, तो गंजला होता. सुट्टीच्या दिवशी जाऊन एकेक सोडवला, धुतला, तेल घातलं. जॉब पकडून फिरणाऱ्या चकवर जाळीची झाकणं बसवली. दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी ती जेवणघरात चहा पीत बसली होती, आणि आईची भाजी निवडता निवडता नजर गेली.

"वन्सं, बोटाला काय झालं?"

आत्यानं कप खाली ठेवला. तिचं डाव्या अंगठ्याशेजारचं बोट तळव्यात मिटलेलं होतं. कप तिनं तीन बोटांवर तोलला होता, अगदी सफाईदार.

आत्या उठली, चिंधी आणली, ते बोट शेजारच्या बोटाला घट्ट बांधलं आणि मला म्हणाली, "गाठ मार. दातानं मला जमत नाही." मी गाठ मारली. तिचा हात गार होता. पुढचे पंधरा दिवस ती तशीच शाळेत गेली. त्याच चिंधी बांधलेल्या हाताखाली कागद धरून तिनं दाखल्यावर सही केली. पेन टेकवल्यावर हात दोनदा थांबला, असं हेडक्लार्क सांगायचा.

लाइन जोडायला लाइनमन आला तो पस्तिशीचा, आडव्या बांध्याचा. खांबावरून वायर आणून पेटीत स्क्रू पिळू लागला तेव्हा आत्या त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"याच शाळेतले का तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोटावरून."

त्यानं हात वर करून पाहिला आणि हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "बायको म्हणते खरी, की जेवतानाही मिटलेलंच असतं. बाई, मी पहिल्या श्रेणीत पास झालेलो. कारखान्यात लागलो. लेथ चालू झाला की मान आपोआप खिडकीकडे. फोरमननं दोन महिने सहन केलं, मग हाकललं. म्हणाला, तू कुणालातरी मारशील, नाहीतर मरशील." त्यानं स्क्रू घट्ट केला. "आमच्या वर्गातले दोघेजण तिथेच राहिले. एकाचं मनगट गेलं. सरांना हे सांगायला आलो होतो. सर ऐकून घेत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचे हात मांडीवर चाक फिरवत होते."

लाइन आली त्या दिवशी दुपारी तिसऱ्या तासाला आत्यानं पहिल्या लेथवरचं कापड काढलं. मुलं अर्धवर्तुळात उभी होती. वरच्या मजल्यावर मी बाकावर कोपर टेकून वाट बघत होते, कारण तिनं सकाळीच सांगितलं होतं. तिनं खटका दाबला. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या पायाखालून खरा आवाज आला. आमचे सर लिहिता लिहिता थांबले.

खाली सव्वीस मुलांनी डावा पाय मागे घेतला आणि माना खिडकीकडे फिरवल्या. तीन मोजून झाले. माना परत आल्या नाहीत. खऱ्या यंत्राचा आवाज त्यांच्या मोजण्यात बसत नव्हता, आणि या आवाजात परत वळायचं त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"इकडे बघा," आत्या म्हणाली. कुणी बघितलं नाही. तिनं यंत्र बंद केलं, माना वळल्या. चालू केलं, माना फिरल्या. सव्वीस मानांच्या शिरा ताणलेल्या, डोळे खिडकीबाहेरच्या रिकाम्या मैदानावर. खारूताई हुंदका देत म्हणाली, "बाई, मी नाही वळवत. ती वळतेय."

आत्यानं तिला हाताला धरून लेथपाशी आणलं, तिचा पाय ब्रेकवर ठेवला आणि सांगितलं, "बघू नकोस. तुला नाही बघायचं ना, नको बघूस. नुसती ऐक. आणि तुमचा तो सूर काढ."

मुलीनं खिडकीकडे बघत सूर काढला. यंत्राचा आवाज एका पट्टीत होता आणि तिचा दुसऱ्या. ती थांबली. पुन्हा काढला. पुन्हा जुळेना. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हा आवाज असा नाहीये."

"मग कसा आहे?"

"वेगळाच आहे. कुठून येतोय हा?" आणि आवाज नेमका कुठून येतोय ते शोधायला तिनं मान वळवली. ती फिरत्या चककडे बघत राहिली. मागे कुणाचातरी श्वास सुटल्याचं ऐकू आलं. तास संपेपर्यंत नऊ माना वळल्या. बाकीच्यांना आठवडा लागला. एका मुलाची वळलीच नाही; तो पुढे सुतारकामाकडे गेला आणि तिथे त्याचं उत्तम चाललं.

त्या वर्षी परीक्षकांसमोर पहिल्यांदा लोखंड कापलं गेलं. केसाएवढा फरक मोजणारा मायक्रोमीटर आत्यानंच त्यांच्या हातात दिला. सव्वीसपैकी नऊजण पास झाले. हेडसरांनी निकालाचा कागद दोनदा उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. पालकांची सभा झाली. एक वडील तावातावानं उठले, "आधी सगळी पास होत होती. ही बाई आली आणि शाळेचं वाटोळं झालं!"

आत्यानं त्यांच्या मुलाचा नापास जॉब त्यांच्या हातात ठेवला. लोखंडाचा दांडा, एका टोकाला नीट, मध्ये जरा फुगलेला. "हा तुमच्या मुलानं केलाय," ती म्हणाली. "मापात नाही. पण केलाय."

ते गृहस्थ तो दांडा हातात फिरवत खाली बसले. सभा संपल्यावरही तो त्यांनी परत दिला नाही. सतरा नापासांपैकी अकराजण पुढच्या वेळी सुटले, चौघांनी शाळा सोडली आणि दोघांचं काय झालं ते मला माहीत नाही. खारूताई पहिल्याच वेळी पास झाली होती. ती एका पंपाच्या कारखान्यात लागली.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी कार्यशाळेच्या दारात एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पायांत साध्या चपला. त्या सरांच्या पत्नी होत्या. वर्ग अजून भरायचा होता.

"यंत्रं चालू झाली असं ऐकलं," त्या म्हणाल्या. "मला एकदा ऐकवाल?"

आत्यानं त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत. उभ्या राहूनच बोलल्या, फार सरळ, कुणीतरी हे विचारावं म्हणून वर्षानुवर्षं तयारी केल्यासारख्या.

"माझे धाकटे दीर कारखान्यात यांच्याच हाताखाली होते. यांनीच कामाला लावलेलं. नवीन जॉब लावला होता, दिरांनी यंत्र चालू केलं, आणि कुणीतरी खिडकीतून हाक मारली म्हणून यांनी तिकडे बघितलं. तेवढंच. इकडे मान वळवेपर्यंत दिरांची बाही चकमध्ये गेली होती. ओढून काढायला गेले त्यात यांचं बोट गेलं. दीर संध्याकाळपर्यंत होते."

आत्यानं पायाजवळचा ब्रेक पाहिला, झाकण खाली केलं आणि खटका दाबला.

त्या बाई ऐकत राहिल्या. मान जरा तिरकी, एखाद्या अनोळखी माणसाचं बोलणं समजून घेतल्यासारखी. मग म्हणाल्या, "हा आवाज नव्हता."

"कुठला?"

"घरी ते झोपेतसुद्धा एक सूर काढायचे. मी म्हणायचे, यंत्राचा असेल. पोरांनाही तोच शिकवला म्हणे." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दीर काम करताना ओठ मिटून गुणगुणायचे. तो त्यांचा आहे."

आत्यानं यंत्र बंद केलं. चक हळूहळू थांबला. बाहेर मुलं गोळा होऊ लागली होती. त्या बाईंनी जाताना लेथच्या लोखंडावर तळहात टेकवला, एखाद्या गुरावर ठेवावा तसा, आणि "एवढं थंड असतं होय!" असं म्हणून निघून गेल्या.

आत्यानं हे मुलांना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मी शिक्षिका झाल्यावर. मी विचारलं, त्या माणसाचा तुला राग येत नाही का? बावीस वर्षांतल्या किती मुलांची हातातोंडाची गाठ त्यानं अडवली. ती म्हणाली, "त्यांच्या कार्यशाळेत बावीस वर्षांत एका पोराच्या नखाला इजा झाली नाही. माझ्याकडे पहिल्याच वर्षी तिघांची बोटं कापली. टाके घालावे लागले एकाला. त्या रात्री मला ते सही न केलेले कागद आठवले, आणि मला ते फार नीट समजले. म्हणून सकाळी मी आणखी लवकर गेले."

ती अठरा वर्षं तिथे होती. दरम्यान तिच्या हाताखाली दुसरा शिक्षक द्या म्हणून तिनं नऊ अर्ज केले. तक्ता तिनं स्वतः नव्यानं रंगवला. कारखान्यांत जाऊन फोरमनांना धरून आणलं, महिन्यातून एक तास मुलांसमोर उभं राहायला. पहिला फोरमन आला तो मुलांपेक्षा जास्त घाबरलेला होता, फळ्याकडे तोंड करूनच बोलला. आता त्या विभागात चाळीस जागांना दोनशे अर्ज येतात आणि वरच्या मजल्यावर कुणी "खाली पाठवू का" म्हणत नाही. मीच तिथे गणित शिकवते, म्हणून ठामपणे सांगते.

आत्या निवृत्त झाली त्याला तीन वर्षं झाली. गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात खारूताई तिला भेटायला आली होती. आता ती पंपांच्या कारखान्यात आपल्या खात्याची फोरमन आहे. दोघी दुपारभर मागच्या खोलीत बसून कुठल्याशा नव्या टूलच्या धारेवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. आईनं चहा नेऊन ठेवला तो तसाच गार झाला. शेवटी खारूताई म्हणाली, "बाई, तुमचं चुकतंय."

"दाखव," आत्या म्हणाली आणि चपला शोधायला उठली.